एक मैदान, एक पावसाळा

केज, जि. बीड
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळ यास,


तुझा निरोप मिळाला. मामीने मोबाइलवर वाचून दाखवला. मग चष्मा लावून मी स्वतः दोनदा वाचला. तू विचारतोस, "मामा, तुम्ही रेसकोर्सवर काम केलंय. मलाही थोडी रेस खेळून बघायची आहे. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, कोलकाता, सगळीकडच्या रेसेसवर पैसे लावता येतात म्हणे. सुरुवात कुठून करू? आणि आईला सांगू नका." याचं उत्तर फोनवर देता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. पुणे. फक्त पुणे, आणि तेही मैदानावर जाऊन. पहिल्या पावसाळ्यात एक रुपयाही न लावता.

तुला "या भानगडीत पडू नकोस" असं लिहून मोकळं होणं मला सोपं होतं. तुझ्या आईला तेच आवडलं असतं. पण मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मला तसंच कोणीतरी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि लपून खेळलो. लपून खेळणाऱ्याला विचारायला कोणी नसतं. तू विचारलंस, हे मला फार मोलाचं वाटलं. म्हणून जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

तुझ्या आजोबांची एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात त्यांच्या शब्दाला मान होता. लाल कंधारी गोऱ्हा समोर उभा केला की ते आधी काही बोलत नसत. त्याला चार पावलं चालवायला लावत, खुरांकडे बघत, मग वशिंडावर हात ठेवत, दात सगळ्यात शेवटी. लोक त्यांना म्हणायचे, "दादा, हाळीच्या बाजाराला चला, तिकडे देवणी चांगली येते." ते जात नसत. म्हणत, "देवणी मला कळत नाही. जे जनावर कळत नाही त्याच्या बाजारात पैसे घेऊन जाऊ नये." देवणी वाईट असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. त्यांची नजर लाल कंधारीवर, त्याच एका बाजारात, चाळीस वर्षं घासून तयार झाली होती एवढंच. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांनी देऊन ठेवलं आहे.

आता पुणंच का, ते सांगतो.

मी सईस म्हणून, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा म्हणून, अकरा वर्षं काढली. पावसाळा पुण्यात, हिवाळा-उन्हाळा मुंबईत. घोडेही तसेच फिरत, आमच्याबरोबर. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही. पुण्याचं आणि मुंबईचं रेसकोर्स ही एकाच क्लबची दोन मैदानं आहेत, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची. साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत रेसेस पुण्यात होतात. दिवाळीनंतर सगळा बारदाना मुंबईला, महालक्ष्मीला जातो आणि उन्हाळा चढेपर्यंत तिकडे राहतो. घोडे, ट्रेनर आणि जॉकी बहुतेक तेच असतात, आणि घोड्यांवर वजन ठरवणारा माणूसही एकाच क्लबचा. म्हणजे पुण्यात चार महिने डोळे उघडे ठेवून काढलेस तर पुढे मुंबईचे सहा महिनेही तुला निम्मे ओळखीचे असतील. एका घराशी सोयरीक केली की दोन वाड्यांत ऊठबस होते, तसं आहे हे. हैदराबाद किंवा बंगळूर धरलंस तर हा फायदा नाही.

शिवाय तू चाकणला आहेस. कॅम्पात पुलगेटला उतरलं की रेसकोर्स चालत गाठता येतं. १८३० पासूनचं मैदान आहे ते, लष्कराच्या जागेवर. शनिवार-रविवारी तुला सुटी असते आणि पुण्याच्या रेसेसही बहुतेक त्याच दोन दिवशी असतात. तिकीट काढ, आत जा, आणि सरळ पॅडॉककडे वळ. बुकींच्या ओळीकडे जाऊ नकोस, टोटच्या, म्हणजे क्लब स्वतः डाव घेतो त्या खिडकीकडेही नाही. रेसच्या आधी घोडे जिथे गोल फिरवतात ती जागा म्हणजे पॅडॉक. माझी सगळी शाळा तिथे झाली.

तिथे काय बघायचं? आजोबा बघत तेच. चाल मोकळी आहे का, की एक पाय जपून टाकतोय. अंगावर तेज आहे का. रोज नीट खरारा झालेल्या आणि चंदी अंगी लागलेल्या घोड्याची कातडी पावसाळी ढगातही चमकते. घाम किती आला आहे आणि कुठे आला आहे. मानेवर थोडा घाम आला तर तो उत्साहाचाही असतो, पण मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसला तर जनावर रेस धावण्याआधीच थकत चाललंय. डोळ्यांना झापडं पहिल्यांदाच लावली आहेत का, हे रेसबुकात छापलेलं असतं. ते वाच आणि मग घोड्याकडे बघ. सईसाकडेही बघ. घोडा त्याच्याशी कसा वागतो त्यावरून पुष्कळ कळतं. मी सांभाळायचो त्या एका घोडीचं असं होतं की तब्येत ठीक असली की ती माझ्या खांद्याला सारखी नाक घासायची. ज्या दिवशी ती शांत चालायची त्या दिवशी तिच्याकडून मी काही धरत नसे. हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं आणि पडद्यावरही दिसलं नसतं.

पडद्याचं मुद्दाम लिहितो. आता एका शहरात बसून दुसऱ्या शहरातल्या रेसेस बघता येतात आणि त्यांवर पैसेही लावता येतात. पुण्याची रेस संपली की पाच-दहा मिनिटांत पडद्यावर दुसऱ्या गावचे घोडे येतात. तुझ्यासारख्या नव्या पोराचे पैसे जातात ते याच पाच-दहा मिनिटांत. पुण्याच्या रेसचा विचार त्याने सकाळपासून केलेला असतो. कोलकात्याच्या रेसचा विचार त्याने चहा संपेपर्यंत केलेला असतो, आणि पैसे मात्र तेवढेच लावलेले असतात.

दुसऱ्या मैदानांबद्दलही थोडं लिहितो, कारण तू नावं घेतली आहेस. तुझा परळीचा मित्र हैदराबाद म्हणतोय, तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. परळीहून रेल्वेने रात्रीत हैदराबाद गाठता येतं. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता, तेव्हा जुन्या लोकांना राजधानी म्हणजे हैदराबाद आणि रेस म्हणजे मलकपेठ एवढंच माहीत. आजही तिथलं रेसकोर्स मलकपेठलाच आहे आणि तिथे पावसाळी आणि हिवाळी असे दोन हंगाम होतात. मैदान चांगलं आहे. पण तिथला क्लब वेगळा, घोड्यांचं गुणांकन करणारा माणूस वेगळा, जॉकी-ट्रेनर वेगळे. पुण्यातलं शिकलेलं तिथे अर्धवट लागू पडतं, आणि या खेळात अर्धवट माहितीइतकं महाग काही नाही. बंगळूरचंही तेच. म्हैसूर, दिल्ली, कोलकाता ही नावं नुसती माहीत असू देत. चेन्नईतलं गिंडीचं जुनं रेसकोर्स २०२४ मध्ये तिथल्या सरकारने ताब्यात घेतलं, त्याच वर्षी उटीच्या रेसकोर्सची जमीनही घेतली. ज्या मैदानाची स्वतःची जागाच धोक्यात आहे त्याच्या हंगामावर नवशिक्याने विसंबू नये.

मुंबईबद्दल मात्र माझ्या मनात ओढ आहे, ती लपवत नाही. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं आहे. हिवाळ्यातल्या सकाळी समुद्रावरून वारा येतो, गवतावर दव असतं, आणि शंभर-दीडशे घोडे सरावाला निघतात. त्या दृश्यासाठी मी आजही पहाटे उठेन. फेब्रुवारीत तिथे इंडियन डर्बी होते, २४०० मीटरची. पहिली १९४३ मध्ये झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. माझ्या तबेल्यातले म्हातारे सईस पांडू खाडे, वसंत शिंदे या आपल्या मराठी जॉकींची नावं आदराने घेत. पण मुंबई तुला पहिल्या वर्षी नको. डर्बीच्या दिवशीची गर्दी, कपडे, बँड आणि भाव यांत नवा माणूस घोडा बघतच नाही. महालक्ष्मीच्या जागेतलाही मोठा भाग आता उद्यानासाठी महापालिकेकडे गेला आहे. उरलेल्या जागेचा भाडेपट्टा क्लबला पुन्हा मिळाला, म्हणून रेसेस चालू आहेत. पुण्यात चार महिने काढलेस की एका साध्या रविवारी मुंबईला जा. डर्बीच्या दिवशी नको.

आता जमिनीचं. हे तुला कोणाही शहरी माणसापेक्षा लवकर कळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वाफसा आल्याशिवाय तिफण चालत नाही. काळ्या रानात पाऊस पडून दोन दिवस झाले तरी पाय रुततो, माळावर त्याच पावसानंतर दुसऱ्या दिवशी कुळव चालतो. घोड्याच्या मैदानाचंही तेच आहे. पुण्याचा हंगाम पावसातला. जुलैत मैदान मऊ असतं, ऑगस्टमध्ये कधी चिखलाइतकं मऊ, आणि ऑक्टोबरात कडक होत जातं. मैदान किती मऊ आहे ते मोजायला पेनेट्रोमीटर नावाचं यंत्र असतं. वरून वजन सोडायचं आणि टोक जमिनीत किती रुतलं ते बघायचं. आजोबा टाच दाबून बघत तेच हे. तो आकडा रेसच्या दिवशी क्लब जाहीर करतो. पहिला आकडा तो वाच, घोड्याचा भाव त्यानंतर.

एक घोडी आठवते. मुंबईत कडक जमिनीवर ती दर खेपेला मागे राहायची. तिचे खूर मोठे आणि पसरट होते, टाप आपटून धावायची. मुंबईच्या हंगामात तिला कोणी विचारत नव्हतं. पुण्यात ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी तीच घोडी सगळ्यांच्या पुढे, गुडघाभर चिखल उडवत आली. ज्यांनी तिचे मुंबईचे आकडे वाचले होते ते चकित झाले. ज्यांनी तिचे खूर बघितले होते ते झाले नाहीत. एकाच मैदानावर सगळा हंगाम काढला की अशा गोष्टी दिसतात. जुलैचं मैदान, सप्टेंबरचं मैदान आणि ऑक्टोबरचं मैदान ही तीन वेगळी शेतं आहेत, आणि कोणता घोडा कोणत्या शेतात चालतो हे तुझ्या वहीत लिहिलेलं असेल. पाच शहरांची पंधरा शेतं कोणाला आठवणार?

वजनाचंही समजून घे. बहुतेक रेसेस हँडिकॅपच्या असतात. जो घोडा चांगला धावत आला त्याच्या पाठीवर जास्त वजन, कमी धावला त्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. बैलजोडीत एक दांडगा आणि एक नरम असला की आपण जुवावर अंतर कमी-जास्त करून ओढ सारखी करतो ना, तसंच. घोडे गुणांप्रमाणे वेगवेगळ्या वर्गांत धावतात; हरत गेला की घोडा खालच्या वर्गात येतो, जिंकत गेला की वर जातो. एखादा घोडा वरच्या वर्गात सारखा पाचवा-सहावा येत होता आणि आज पहिल्यांदाच खालच्या वर्गात उतरला आहे, हे ओळखायला त्या क्लबचा मागचा हंगाम माहीत असावा लागतो. अंतरही बघावं लागतं. १००० मीटरचा घोडा आणि २००० मीटरचा घोडा यांची छाती वेगळी, चाल वेगळी.

पहिल्या पावसाळ्यात तू करायचं ते एवढंच. दोनशे पानी वही घे. दिवसाच्या सात-आठ रेसेसपैकी फक्त दोन निवड. पॅडॉकमध्ये घोडे बघून, रेस सुटायच्या आधी, वहीत लिही: कोणता घोडा, का, मैदान कसं, वजन किती, अंतर किती, भाव काय. रेस झाली की त्याखाली काय झालं ते लिही. "का" हा रकाना रिकामा राहिला तर तो घोडा खोडून टाक. "कोणीतरी सांगितलं" हे कारण लिहायचं नाही. रेसकोर्सवर टिप देणारे पावलोपावली भेटतात. तबेल्यात अकरा वर्षं राहूनही मला स्वतःच्या घोड्याबद्दल खात्री देता येत नसे, मग चहाच्या टपरीवरच्या माणसाला ती कुठून येणार? ऑक्टोबरअखेर वही मिटून हिशोब कर. प्रत्येक डावाला शंभर रुपये लावले असते तर किती गेले असते आणि किती आले असते.

हिशोबात कर धरायला विसरू नकोस. तुझे मित्र तो धरत नाहीत. घोड्यांच्या शर्यतीवरच्या डावावर १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. हा कर जिंकण्यावर नाही, डाव लावण्यावर आहे. शंभराच्या डावामागे चाळीस. समजा भाव बरोबरीचा आहे, शंभराला शंभर. तू दोन डाव लावलेस, एक लागला, एक गेला. कर नसता तर दोनशे गेले आणि दोनशे आले असते. करासह दोनशे ऐंशी गेले आणि दोनशे आले. म्हणजे दोनात एक घोडा बरोबर ओळखूनही तू ऐंशी रुपयांनी मागे. टोटमध्ये तर क्लबचा वाटा आधीच बाजूला काढतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. वर प्राप्तिकर आहे: जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. एका खेपेला दहा हजारांच्या वर जिंकलास तर कर कापूनच पैसे हातात देतात.

तुझ्या निरोपात तू लिहिलंस की सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली आहे. खरं आहे, १९९६ चा निकाल आहे तो, लक्ष्मणन खटल्याचा. पण कोर्टासमोर प्रश्न कायद्याचा होता: हा जुगार म्हणून बंद करायचा की नाही. कौशल्य आहे याचा अर्थ ते तुझ्याकडे आहे असा होत नाही. कुस्तीही कौशल्याचीच, म्हणून कोणी पहिल्या दिवशी आखाड्यात पैज लावत नाही. आणि कौशल्य असलं तरी चाळीस टक्क्यांचा चढ कोणता घोडा चढणार?

सप्ताहात नळाची कथा ऐकली असशील. नळराजाइतका घोड्यांचा जाणकार दुसरा नव्हता. अंगावरच्या खुणांवरून तो घोडा ओळखायचा, आणि तरी द्यूतात सगळं राज्य हरून अंगावरच्या एका वस्त्रानिशी रानात गेला. लहानपणी मला वाटायचं, एवढा हुशार राजा, मग हरला कसा? तबेल्यात आल्यावर कळलं. अश्वविद्या वेगळी आणि फाशांची अक्षविद्या वेगळी. पुढे ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं एका नजरेत मोजून दाखवली, तेव्हा नळाने त्याच्याकडून ती मोजणीची विद्या घेतली आणि बदल्यात त्याला अश्वविद्या दिली. पॅडॉकमध्ये तू शिकशील ती नळाची विद्या. वहीच्या शेवटच्या पानावरचा हिशोब ही ऋतुपर्णाची. माझ्याकडे पहिली होती. दुसरी यायला फार उशीर झाला.

ते आता लिहितोच, कारण तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही. नोकरीच्या नवव्या वर्षी आजोबांनी मला बैलजोडीसाठी पैसे जमवून ठेवायला सांगितले होते. जुनी जोडी थकली होती. मी तीन हंगाम पैसे साठवले. पुण्यात मी बरा खेळत होतो, थोडं जात होतं, थोडं येत होतं, कारण घोडे माझ्या हाताखालचे, माझ्या बघण्यातले होते. त्या ऑक्टोबरात एक ओळखीचा माणूस दुसऱ्या शहरातल्या घोड्याची पक्की खबर घेऊन आला. तो घोडा मी कधी पाहिला नव्हता, ते मैदानही नाही. पैसे त्याच्या हातात दिले. पावती नव्हती, खिडकी नव्हती. घोडा चौथा आला असं तो म्हणाला. खरंच धावला की नाही हेही मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या वर्षी आजोबांनी शेजाऱ्याच्या बैलांवर, त्यांचं झाल्यावर उरलेल्या दिवसांत, पेरणी केली. वाफसा निघून गेला होता. ज्वारी गुडघ्याच्या वर आली नाही. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच मला अजून सलतं.

म्हणून तीन गोष्टी तुला हात धरून सांगतो. जे मैदान तू पायाने तुडवलं नाहीस त्यावर पैसे लावायचे नाहीत. क्लबच्या खिडकीशिवाय कोणाच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, मग तो माणूस असो की मोबाइलवरचं अॅप. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे, तरी गावोगावची पोरं रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन बसतात. तुझ्याच वर्गातल्या एकाने बापाची उचल त्यात घातली, हे तुला माहीत आहे. बाप-माय सहा महिने कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात फडात राबून ती उचल फेडत होते. आणि तिसरी गोष्ट: घरी पाठवायचे, बहिणीच्या शिक्षणाचे, हप्त्याचे, उसने आणलेले, यांतला रुपयाही रेसकोर्सच्या फाटकातून आत जाता कामा नये. दुसऱ्या पावसाळ्यात खेळलासच, तर एका हंगामाचे पैसे जुलैच्या पहिल्या दिवशी वेगळे काढ, जेवढे गेले तर घरात कोणाला कळणारही नाही एवढेच. ते संपले की हंगाम संपला. पॅडॉकमध्ये उभं राहायला तेव्हाही कोणी अडवत नाही.

अजून एक, आणि हे पैशाचं नाही. घोड्याकडे आकडा म्हणून बघू नकोस. मागच्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या ऊसतोडीवाल्या बाईला घोणस चावली, तेव्हा तिला जे औषध टोचलं ते घोड्याच्या रक्तापासून केलेलं असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो, आणि तो उतारा कुपीत भरून आपल्या दवाखान्यापर्यंत येतो. पुण्यातल्या पूनावालांचा मूळ धंदा शर्यतीचे घोडे वाढवण्याचा, आणि त्याच घरातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. धावून थकलेली कितीतरी जनावरं अशी माणसांच्या उपयोगी पडली आहेत. रेस हरलेल्या घोड्याला शिव्या देणारी माणसं तुला स्टँडवर रोज दिसतील. त्यांच्या शेजारी उभा राहू नकोस.

माझा अंदाज सांगू? वही नीट लिहिलीस तर ऑक्टोबरअखेर तुला पैसे लावावेसे वाटणार नाहीत. घोडे बघायला मात्र तू जात राहशील. माझं तसंच झालं. नोकरी सोडून गावी आलो त्यालाही आता पस्तीस वर्षं होऊन गेली. या काळात तीनदा पुण्याला रेसच्या दिवशी गेलो. तिन्ही वेळा पॅडॉकच्या कठड्याला टेकून उभा राहिलो आणि तिकिटाच्या खिडकीकडे गेलो नाही. पण हा माझा अंदाज आहे, तुझी वही तुझी. तिच्यात दुसरं काही निघालं तर मला दाखव, मी ऐकून घेईन.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी उरकली की मी येतो. केजहून रात्रीची एसटी धरली की सकाळी स्वारगेट. तिथून मी पुलगेटला येतो, तू तिथे घ्यायला ये, शनिवारी अकरापर्यंत. वही आणि छत्री आण, पैसे चहापुरते.

अक्काला, तुझ्या आईला, मी अजून काही बोललेलो नाही. मी येण्याआधी तू तिला फोन करून सगळं सांग. ती रागावेल, रागावू दे. तिला सांगितलं असशील तरच मी एसटीत बसेन.

तुझा,
मामा